मनगटाचा प्रश्न

आमच्या अमरावतीत १९१४ सालापासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. मल्लखांब, कुस्ती, लाठी, म्हणाल ते. गावाच्या या परंपरेचा माझ्या मनगटावर मात्र काडीचाही परिणाम झालेला नाही. ते सव्वासहा इंच भरतं. तेही टेप जरा सैल धरला तर.

ही मोजणी करायची वेळ सासऱ्यांमुळे आली. मामाजी अकोल्याचे, जठारपेठेतले. सगळी नोकरी जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेली. कापसाची एक गाठ १७० किलोची असते. तिला आकडा लावून कलती करणारं मनगट कसं असेल, याचा अंदाज खडू उचलणाऱ्या माणसानं न केलेला बरा. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. ही माहिती पुढे माझ्याविरुद्ध वापरली जाणार आहे, तरी आधीच सांगून टाकतो.

संक्रांतीला अकोल्याला गेलो, तर मामाजींनी हातातलं घड्याळ काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. "आता माह्या डोयाले तारखेचा आकडा दिसत नाई, जावईबापू. तुमी वापरा."

घड्याळ म्हणजे एचएमटीचं कांचन. ऑटोमॅटिक. १९८१ साली त्यांच्या लग्नात त्यांना त्यांच्या सासऱ्यांनी दिलेलं. ज्यांचं लग्न त्या काळात झालं त्यांना कांचन म्हणजे काय हे सांगायला नको. मामाजी सांगतात, सोयरीक ठरताना हुंडा-बिंडा काही नको म्हणणारे लोकसुद्धा जाता जाता हळूच म्हणायचे, "नवरदेवाले एखांदी कांचन पाहून घ्या मंग." १९६१ साली बंगळुरात सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीनं एचएमटीनं घड्याळं करायला घेतली, आणि पुढची दोन-तीन दशकं भारतातला जावई एचएमटीच्या वेळेवर चालला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं ही घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे हातात आलेली वस्तू बिघडवली, तर कंपनीकडून त्या काळची दुसरी मिळणार नाही. हे मला माहीत होतं. माहीत असणं ही माझी अडचण कधीच नव्हती.

मूळचा पट्टा कधीचाच गेलेला. मामाजींनी आपल्या हाताच्या मापाची जाडजूड स्टीलची चेन बसवून घेतली होती. ती मी घातली. हात वर केला की घड्याळ कोपरापाशी, खाली सोडला की तळहातावर. फळ्यावर लिहिताना मला वेळ बाहीत डोकावून पाहावी लागायची. तास संपत आला की नाही ते मागच्या बाकावरच्या पोरांना माझ्याआधी कळायचं.

"अहो, जवाहर गेटकडे घड्याळजी बसतात, तिकडे देऊन टाका. कड्या काढून देतील. दहा मिनिटांचं काम," बायको म्हणाली.

"त्यात काय आहे?" मी म्हणालो. "पिन घर्षणावर बसलेली असते. आपण लावलेलं बल घर्षणापेक्षा जास्त झालं, की पिन बाहेर."

"मागे मिक्सरच्या वेळीही बल जास्त झालं होतं."

या वाक्याला उत्तर नव्हतं, म्हणून मी रविवार मुक्रर केला.

आता तयारी ऐका. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून स्क्रूगेज आणला. याचं लघुत्तम माप ०.०१ मिलिमीटर. खिळ्याचं टोक कानशीनं घासून घासून बोथट आणि बारीक केलं, आणि त्याची जाडी पिनेपेक्षा कमी आहे ना हे स्क्रूगेजनं तीनदा मोजून सरासरी काढली. दशांश चिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत. मग तो खिळा ठोकायला हातोडी सापडेना, म्हणून खलबत्त्यातला बत्ता घेतला.

खाली ठेवायला काय घ्यावं याचाही विचार केला होता. पिन खाली सरकायला जागा हवी, म्हणजे खाली पोकळी हवी. पोळपाटाला तीन पाय असतात. मध्यभागी एक लहानसं भोक पाडलं, की वर चेन, खाली पोकळी, पिन थेट फरशीवर. मला ही कल्पना सुचली तेव्हा घरात कुणी नव्हतं, याचं वाईट वाटलं. नंतर वाईट वाटण्याचं कारण बदललं.

चेनच्या आतल्या बाजूला, जिथे कड्या काढायच्या असतात तिथे, इवलेसे बाण कोरलेले असतात. पिन कुठल्या दिशेनं बाहेर ढकलायची ते बाण सांगतो. इतकं सरळ आहे. पण मी विचार करणारा माणूस. मला वाटलं, कारखान्यात पिन आत घालणाऱ्या कामगारासाठी हा बाण असणार. म्हणजे काढताना उलटं करायला हवं. बाणाच्या विरुद्ध दिशेनं मी वीस मिनिटं बत्ता हाणला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन विचारलं, "आज पाहुणे आहेत का हो? मसाला कुटून राह्यले वाटते."

अखेर चेन उलटी-सुलटी करताना हातातच फिरली, बाजू चुकून बरोबर झाली आणि पिन निघाली. मग दुसरी, मग तिसरी. चार कड्या काढायच्या, दोन या बाजूच्या आणि दोन त्या बाजूच्या, म्हणजे लॉक मनगटाच्या बरोबर खाली मध्यावर येतं, हे तत्त्व मला ठाऊक होतं. पण एका बाजूच्या पिना निघायला लागल्या होत्या, आणि निघणाऱ्या पिना सोडून न निघणाऱ्यांच्या नादी कोण लागतो? मी एकाच बाजूच्या तीन काढल्या आणि चौथी सोडून दिली.

आता जोडायचं. पिन भोकाशी धरली आणि सुळकन आत गेली. ना बत्ता, ना खिळा, नुसत्या बोटानं. मला क्षणभर स्वतःचं कौतुक वाटलं. चेन उचलली, तर पिन तितक्याच सुळकन दुसऱ्या बाजूनं बाहेर आली.

या जातीच्या चेनमधली गोम अशी आहे, की पिन नुसती कडीत बसत नाही. मधल्या कडीच्या पोटात मुंगीच्या डोक्याएवढी एक नळी असते. पिनेला धरून ठेवायचं सगळं काम ती नळी करते. पिन निघाली की नळी मोकळी होते आणि आवाज न करता पडते. पडते म्हणजे पोळपाटाच्या भोकातून, फरशीवर, आणि तिथून पुढे तिच्या मर्जीनं. म्हणजे घर्षण होतं, मी म्हणालो तसंच होतं. फक्त ते ज्या वस्तूत होतं ती वस्तू आता सोफ्याखाली किंवा जगात अन्यत्र कुठेतरी होती.

मी जुन्या स्पीकरमधलं दणकट चुंबक काढलं आणि फरशीवरून फिरवायला लागलो. सोफ्याखालून दोन टाचण्या, एक यू-पिन आणि गणपतीच्या मखराचा एक खिळा मिळाला. आठवीतली मुलगी बाजूला उभी राहून बघत होती.

"बाबा, नळी कशाची आहे?"

"स्टीलची."

"चुंबक लागतं का स्टीलला?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि माझ्या हातातलं चुंबक घेऊन तिनं भांड्यांना लावून दाखवायला सुरुवात केली. पोळ्यांचा डबा: नाही. ताट: नाही. इंडक्शनचं पातेलं: चिकटलं. घड्याळाच्या चेनला लावलं: नाही. मी चुपचाप चुंबक परत घेतलं. स्टेनलेस स्टीलच्या नेहमीच्या जातींना चुंबक धरत नाही, हे मी दर वर्षी शिकवतो. परीक्षेतसुद्धा विचारलेलं आहे. दोन गुण.

शोध झाडूनं चालू राहिला. या सगळ्या वेळात घड्याळ माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. हात मोकळे हवेत म्हणून चुंबकही त्याच खिशात. हे वाक्य परत एकदा वाचा. मला त्या वेळी कुणी वाचून दाखवलं नाही.

दुपारचे चार वाजले. पाच रुपयांची झटपट डिंकाची नळी आणली, पिनेला डिंक लावला, पिन आत सारली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा अंगठा आणि तर्जनी यांच्यात कायमचं सख्य झालं. ते कोमट पाण्यात बसून सोडवलं. घड्याळ हातात घातलं, नेमकं बसलं. लॉक मनगटाच्या खाली न येता अंगठ्याच्या बाजूला आलं होतं, पण बाहीखाली कोण बघतो? बायकोनं संध्याकाळी पोळपाट काढला. त्यानंतरचा अर्धा तास मी वगळतो.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की घड्याळ पुढे जातं. तासाला एक मिनिट. इतकं नेमकं, की मला त्याचाही अभिमान वाटला. रोज सकाळी नऊला मोबाइल पाहून मी काटे चोवीस मिनिटं मागे घ्यायचो. कुणाला काही सांगितलं नाही. मामाजींचा फोन आला की ते पहिल्यांदा घड्याळाची तब्येत विचारायचे, मग नातीची, मग माझी.

मे महिन्यात अकोल्याला लग्न निघालं. मामाजींच्या धाकट्या भावाची मुलगी. आदल्या दिवशी सकाळी नऊला काटे नीट केले आणि निघालो. लोणी ते माना हा रस्ता आला, की मी पोरीला न चुकता सांगतो, की जून २०२२ मध्ये या महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी रस्ता सलग घातला, दोह्याचा विक्रम मोडला आणि गिनेस बुकात नाव गेलं. या खेपेला तिनं मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाली, "बाबा, म्हणजे तुम्ही कड्या काढत होतात ना, सकाळी दहा ते चार, तेवढ्या वेळात यांनी सव्वाचार किलोमीटर रस्ता केला असता." हिशेब तपासला. बरोबर होता.

अकोला. मे. यावर वेगळं काही लिहायला नको. पारा पंचेचाळिसाच्या वर, आणि मांडवातल्या कूलरमधून येणारी हवा म्हणजे कुणीतरी अंगावर श्वास सोडल्यासारखी. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, हातपाय सुजल्यासारखे होतात, मनगटही. मी माप घेतलं होतं संक्रांतीनंतरच्या थंडीत. हळदीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत चेन अशी रुतली, की कड्यांचा ठसा कातडीवर उमटला. लॉक काढलं की हायसं वाटायचं; पण मामाजी समोर दिसले की पुन्हा लावावं लागायचं. त्या धांदलीत दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला काटे मागे घ्यायचे राहिले.

मुहूर्त ११ वाजून ५२ मिनिटांचा. आता वऱ्हाडात पत्रिकेवरचा मुहूर्त म्हणजे काय असतो, ते वाचकांना मी सांगावं असं नाही. पत्रिकेवर ११.५२ असलं, की वरात मांडवापाशी साडेबाराला येते, दारात एक वाजेपर्यंत नाचते आणि दीडला अक्षता पडतात. उपाशी पाहुणे मुहूर्ताला नाही, पंगतीला धरून येतात. पण मामाजी जुने. त्यांना मुहूर्त पाळायचा होता. आणि वेळ पाहायची होती ती मोबाइलवर नाही.

"जावईबापू, किती वाजले?"

चारचौघांत, मांडवात, सासऱ्यांनी मोठ्या आवाजात विचारलं. मी ऐटीत हात वर केला, बाही सारली आणि वाचलं, "अकरा बावन्न!"

"झालं नं मंग! मुहूर्त टळून राह्यला!" मामाजी उठले. त्या दिवशी योगायोगानं वरात लवकर निघाली होती आणि फाटकाशी नुकतीच नाचायला लागली होती. मामाजींनी डीजेवाल्याच्या अंगावर जाऊन त्याला गप्प केलं, नवरदेवाला घोड्यावरून मनगटाला धरून उतरवलं (ते मनगट! पोरगं अलगद खाली आलं) आणि थेट बोहल्यावर उभं केलं. नवरीच्या मामाला अर्ध्या बांधलेल्या फेट्यात आणलं, त्याचं शेपूट एक जण मागून उचलून चालत होता. वरपक्षातला कुणी म्हणाला, "काकाजी, माह्या मोबाइलात साडेअकरा बी नाई झाले." मामाजी गरजले, "मोबाइल चुकते, कांचन चुकत नाई! चाळीस वर्सं झाले, पाहून राह्यलो." भटजींना पुढच्या मांडवात पोचायचं होतं, त्यांनी कुठल्याच घड्याळाकडे पाहिलं नाही.

आणि लग्न लागलं. खऱ्या वेळेनं ११ वाजून २६ मिनिटांनी सुरू. नवरदेवाचे दोन काका, बँडचा अर्धा ताफा आणि नवरीची सख्खी आत्या अजून वाटेत होती. मुहूर्ताच्या आधी लागलेलं लग्न वऱ्हाडात याआधी झालं असेल, तर मी ऐकलेलं नाही.

शेवटचं मंगलाष्टक. 'सावधान' झालं आणि मी मूठ भरून अक्षता जोरात भिरकावल्या. त्या क्षणी घामानं, उन्हानं आणि ताणानं आधीच हैराण झालेल्या डिंकानं जीव सोडला. अक्षतांबरोबर काहीतरी चमकत गेलेलं मी पाहिलं. मग मनगट हलकं लागलं.

घड्याळ नवरदेवाच्या मुंडावळ्यांत अडकलं आणि त्याच्या डाव्या डोळ्यासमोर लोंबायला लागलं. आंतरपाट नुकताच खाली आलेला. नवरीनं पहिल्यांदा नवऱ्याचं तोंड पाहिलं, ते कांचनच्या तबकडीआडून. फोटोवाल्यानं सवयीनं तीन फोटो काढले. तेवढ्यात मागून कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "थोरल्या जावयानं आहेर केला! कांचन देली बाप्पा!" टाळ्या पडल्या. नवरदेवानं घड्याळ सोडवून घेतलं, माझ्याकडे पाहून वाकून नमस्कार केला आणि ते खिशात टाकलं.

आहेर परत कसा मागायचा? त्याला आपल्याकडे रीत नाही. तीन तास मी पंगतीत वाढत फिरलो. अखेर बायकोनं नवरीला आतल्या खोलीत गाठून सगळी हकीकत सांगितली. पोळपाटापासून.

संध्याकाळी मामाजी मला घेऊन टिळक रोडवरच्या एका घड्याळजीकडे गेले. टपरीवजा दुकान, काचेचं कपाट, काचेत उभे केलेले सुटे काटे. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, चेन उलटी केली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग काडीनं वाळलेल्या डिंकाचा पापुद्रा काढून काचेवर ठेवला, शेजारच्या गिऱ्हाइकाला दिसेल असा.

"नळ्या कुठी हायेत?"

"नाहीत."

"तिन्ही?"

"तिन्ही."

त्यानं ड्रॉवरमधून बटणाएवढं होकायंत्र काढलं आणि घड्याळावर धरलं. सुई गर्रकन फिरली. "चुंबक लागलं याले." आत केसासारखी बारीक स्प्रिंग असते, तिचे वेढे चुंबकानं एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड पडते, चक्र भरभर हलतं आणि घड्याळ पुढे पळतं. हे त्यानं मला समजावून सांगितलं. मी मान हलवत ऐकलं. मग त्यानं विजेवर चालणाऱ्या एका चौकोनी डबीवर घड्याळ धरून बटण दाबलं, हळूहळू हात दूर नेला आणि पुन्हा होकायंत्र लावलं. सुई हलली नाही. दहा सेकंद. मग एका बाजूची एक कडी दुसऱ्या बाजूला घेतली, लॉक मध्यावर आणलं, डबीतून तीन नळ्या काढून चिमट्यानं बसवल्या आणि बाणाकडे पाहून पिना मारल्या. टक, टक, टक. उन्हाळ्याचं म्हणून लॉकमधलं एक भोकही सैल सोडलं.

"कोनं केलं व्हतं हे काम?" त्यानं भिंग काढत विचारलं.

मामाजी शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "अमरावतीचा एक कारागीर आहे."

घड्याळजीनं मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी खिशातून पन्नासची नोट काढून काचेवर ठेवली आणि घड्याळ माझ्या हातात देत शांतपणे म्हणाले, "त्याच्याकडं पुन्हा जात नका जाऊ, जावईबापू."

आता घड्याळ दिवसाला वीसेक सेकंद मागे पडतं, चाळीस-पन्नास वर्षांच्या यंत्राला तेवढं शोभतं. जुलैत कॉलेज सुरू झाल्यावर प्रयोगशाळेतल्या सहायकानं स्क्रूगेजची पेटी आणून दाखवली. तिच्या मखमलीच्या घडीत एक नळी होती. उरलेल्या दोन अजून सापडायच्या आहेत. पोळपाट नवा घेतला. शिसवी, तीनशे वीस रुपये.